टेकडी शेवटी, वेळ उरला तर

मत्सर करायला समोरचा माणूस निदान जिवंत तरी लागतो, असं तुम्हाला वाटत असेल तर आमच्या ब्रेकमास्तरांना एकदा भेटा. हा गृहस्थ गेली तीसेक वर्षं एका मेलेल्या माणसावर जळतोय. आणि जळणंही असं तसं नाही. रोजचं, नेमानं, सकाळच्या चहाबरोबर सुरू होणारं. जिवंत वैरी असता तर त्याला कधी सर्दी झाली असती, टक्कल पडलं असतं, चार लोकांत कुठंतरी तोंडघशी पडला असता. मेलेल्याचं काही म्हणता काही बिघडत नाही, हेच मास्तरांचं दुखणं.

मास्तर मोटार चालवायला शिकवतात. रस्त्याकडेला एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, एक टेबल, दोन-चार खुर्च्या, आणि दारात उभी असलेली पांढरी गाडी. गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी असतो तसा एक ब्रेक शेजारच्या सीटपुढंही बसवलेला. त्या ब्रेकवर मास्तरांचा पाय कायम. शिकणारा चुकायच्या आधीच मास्तर दाबून मोकळे. म्हणून गावानं नाव ठेवलं ब्रेकमास्तर. लोक म्हणतात, मास्तर झोपेतसुद्धा ब्रेक दाबतात. मास्तरीणबाई म्हणतात, "दाबतात ना! माझ्या पोटरीवर."

मास्तरांच्या घरी, बाहेरच्या खोलीत, पुस्तकांच्या फळीवर एक फोटो आहे. लष्करी कपड्यातला तरुण, डोक्यावर मूठभर नाही तर पसाभर केस, आणि ओठांवर आता काहीतरी बोलेल असा भाव. हा मास्तरीणबाईंचा पहिला नवरा. लढाईत गेला, एका टेकडीवर. तेव्हा लेक पाळण्यात होती. फोटोला पोट सुटत नाही. फोटो घोरत नाही. फोटो ओला टॉवेल पलंगावर टाकत नाही, आणि मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवत नाही. "मेल्या म्हशीला मणभर दूध," असं मास्तर मनातल्या मनात म्हणतात. उघड म्हणायची सोय नाही, कारण त्या फोटोवरची धूळही मास्तरच पुसतात. नाहीतर येणारा-जाणारा म्हणायचा, बघा, दुसऱ्यानं पहिल्याचे काय हाल केलेत!

आता हा जळफळाट सुरू कसा झाला ते ऐका. नवरा गेल्यावर मास्तरीणबाईंना एका बेकरीत पाव पोचवायच्या गाडीवर काम मिळत होतं, पण गाडी चालवता यायला हवी होती. म्हणून त्या मास्तरांकडे शिकायला आल्या. मास्तर तेव्हा तरुण, एकटे, आणि आजच्या मानानं बरेच केसाळ. गाडी हे बोलायला फार सोयीचं ठिकाण, बरं का. दोघांनी समोर रस्त्याकडे बघायचं, एकमेकांच्या तोंडाकडे बघायची वेळच येत नाही, त्यामुळे माणूस जे कुणाला सांगत नाही ते तिथं सांगून टाकतो. मास्तरीणबाईंनी सांगितलं. वळणावर सांगितलं, सिग्नलला सांगितलं, चढावर क्लच सोडता सोडता सांगितलं. सगळं त्याच्याबद्दल. मास्तर ब्रेकवर पाय ठेवून ऐकत राहिले. आधी कीव आली, मग माया वाटली, आणि परवाना हातात पडेपर्यंत परिस्थिती अशी की, ती हवीहवीशी झाली आणि तो डोळ्यांत खुपायला लागला. एकाच शिकवणीत मास्तर हे दोन्ही शिकले.

लग्न झालं. आणि काय सांगावं, लग्नाच्या दिवसापासून मास्तरीणबाई त्या माणसाबद्दल चकार शब्द बोलेनाशा झाल्या. एक शब्द नाही, उसासा नाही. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चला, सुटलो. पण जळणाऱ्याला सुटका मिळेल तर शपथ! मास्तरांनी हिशेब मांडला तो असा: बायको बोलत नाही, म्हणजे आत जपून ठेवलंय. जे चारचौघांत बोलता येतं ते साधं. जे कडीकुलुपात ठेवावं लागतं तेच खरं. आपल्याला दिला तो ओटा आणि ओसरी, आतली खोली अजून त्याच्याच नावावर आहे.

याला पुरावेही त्यांच्याकडे होते. एकदा मास्तरांचं पोटाचं ऑपरेशन झालं. मास्तरीणबाईंनी रात्रंदिवस जागून काढलं, नर्सला फैलावर घेतलं, डॉक्टरांच्या मागं लागून पलंग खिडकीपाशी हलवून घेतला. पण रडल्या नाहीत. मास्तर भुलीतून बाहेर आले ते आधी तिच्या डोळ्यांकडे बघायला. कोरडे! "त्याच्यासाठी पूर येईल इतकी रडली असशील," असं त्यांना वाटलं, आणि टाके दुखायला लागले.

तर असं हे चाललेलं असताना एका सकाळी वर्तमानपत्रात बातमी आली. ती टेकडी इतकी वर्षं बंद होती, लढाईतले भूसुरुंग मातीत राहिले होते म्हणून. आता सुरुंग काढून झाले होते. वर जायला वाट केली होती, आणि तिथं पडलेल्या सगळ्यांची नावं कोरलेली भिंत उभी केली होती. कुणीही यावं, बघावं.

मास्तरीणबाईंनी बातमी वाचली, कागदाची घडी घातली, आणि म्हणाल्या, "अहो, मला जायचंय."

"कुठं?"

"टेकडीवर. पहाटे निघालो तर एका दिवसात जाऊन येता येईल. लेकही येते म्हणाली तर तिघं जाऊ."

"जाऊ की," मास्तर म्हणाले. आणि मनात म्हणाले, मेलो.

भीती कसली होती, तर एकाच गोष्टीची. ती त्या भिंतीसमोर उभी राहणार. ज्या डोळ्यांनी आपल्यासाठी एक थेंब काढला नाही ते डोळे तिथं भरून येणार. आणि ती त्या नावाकडे ज्या नजरेनं बघेल ती नजर आपल्याला जन्मात मिळाली नाही, हे आपल्याला दोन पावलांवर उभं राहून बघावं लागणार. घरात बसून शंका घेणं वेगळं. शंकेत निदान जागा असते. टेकडीवर सगळं उघड्यावर आलं असतं.

नाही म्हणायला तोंड नव्हतं. मग मास्तरांनी काय केलं, तर सहलीची आखणी स्वतःकडे घेतली. "तू काही बघू नकोस," ते बायकोला म्हणाले, "सगळं मी ठरवतो." इतका उत्साह त्यांनी स्वतःच्या लग्नातही दाखवला नव्हता.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला गेला. चारी कोपरे उडू नयेत म्हणून मिठाची बाटली, साखरेचा डबा, चष्म्याचं घर आणि एक बटाटा. मास्तरांनी लढाईवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि पेन्सिल कानाला लावून बसले. आणि खरंच, शोधायला गेलं तर त्या मुलुखात बघायला कमी नव्हतं. पहिली गोळी जिथं झडली तो नदीवरचा पूल होता. गवतानं भरलेले खंदक होते. बोगद्यात थाटलेलं लष्करी इस्पितळ होतं, त्यातले पलंग अजून तसेच होते म्हणे. चौकात गंजलेला रणगाडा होता. संग्रहालय होतं. मास्तरांनी एकेक जागा पेन्सिलीनं जोडली आणि एका कागदावर क्रम लिहून काढला. आधी पूल, मग खंदक, मग बोगदा, मग संग्रहालय, मग जेवण, मग रणगाडा. आणि कागदाच्या पार तळाशी, बारीक अक्षरात: टेकडी, वेळ उरला तर.

वेळ उरत नसतो हे मास्तरांना पक्कं माहीत होतं. एका दिवसाच्या सहलीत पहिल्या ठिकाणी उशीर, दुसऱ्या ठिकाणी चहा, तिसऱ्या ठिकाणी कुणाचीतरी चप्पल तुटते, आणि शेवटचं ठिकाण पुढच्या वेळेवर जातं. सगळ्यांच्याच सहली अशा होतात. कुणावर आळ येत नाही.

रविवारी लेक आली. चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे बारीक अक्षर तिच्यापासून लपत नाही. ती मास्तरांना बाबा म्हणते आणि फोटोतल्याला पप्पा. या वाटणीवरही मास्तरांनी बरीच वर्षं विचार केलेला आहे.

तिनं कागद उचलला. "बाबा, हे काय? टेकडी तळाला?"

"रस्त्याच्या हिशेबानं लावलंय."

लेकीनं नकाशावर बोट ठेवलं. "पूल ओलांडला की पहिलं वळण टेकडीचं. आणि तुम्ही सगळा मुलूख फिरून संध्याकाळी तिथं परत येणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"तो घाट आहे. सकाळी इंजिन गार असतं."

"बाबा."

"आणि सुरुंग काढले म्हणतात, सगळे काढले कशावरून? आधी बाकीच्यांना चार दिवस फिरू दे की."

"बाबा!"

"तुझ्या आईचे गुडघे बघ जरा. ती चढणार कशी?"

आतून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "माझे गुडघे तुम्हाला आजच आठवले का? परवा पाण्याचे कॅन वर आणले तेव्हा कुठं होतात?"

लेक खाली बसली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "मेलेल्या माणसाशी किती भांडाल हो? तो उलटून बोलत नाही म्हणून?"

"मी कुठं भांडतोय," मास्तर म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करायला उठले. टोक असताना.

पण जळणारा माणूस इतक्यात हरत नाही. दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या खोलीतून मास्तरांनी तिथल्या पर्यटन कचेरीला फोन लावला. आशा अशी की टेकडी दुपारीच बंद होत असेल, परवानगी लागत असेल, काहीतरी मोडता असेल. पलीकडची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, काही नाही हो, सूर्य मावळेपर्यंत उघडी असते. चढ फार आहे का? अजिबात नाही, पायऱ्या आहेत, कठडा आहे. गुडघे दुखतात? मग खालून छोटी बस सोडतो आम्ही, फुकट. तुमचं कुणी तिथं गेलंय का, सर? त्या घरच्यांना आम्ही भिंतीपाशी फूल देतो.

"माझं कुणी नाही," मास्तर म्हणाले आणि फोन आपटला. इतक्या चांगल्या वागणुकीचा एवढा संताप त्यांना आयुष्यात आला नव्हता.

त्या रात्री जेवताना त्यांनी शेवटचा डाव टाकला. पुस्तक वाचून आलेल्या माणसाच्या थाटात म्हणाले, "तसं बघायला गेलं तर खरी लढाई पुलावर झाली. पूल पडला असता तर सगळंच गेलं असतं. टेकडीला लढाईच्या दृष्टीनं फारसं महत्त्व नव्हतं."

मास्तरीणबाईंचा घास हातात राहिला. "महत्त्व नव्हतं?"

"म्हणजे, पुस्तकात तसं दिलंय."

"महत्त्व नव्हतं तर मग पोरांना वर कशाला पाठवलं?"

आपण बोललो ते फार वाईट बोललो हे त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि त्यातही, एवढं लागलं म्हणजे बघा किती आहे अजून आत, असं मन म्हणालंच. काय करावं अशा मनाला! माफी मागायची ती राहिलीच. उलट उठताना ते म्हणाले, "जायचंच आहे ना, जाऊ. आखणी केली आहे तशी." मास्तरीणबाई टेबल पुसायला लागल्या.

ठरल्या दिवशी उजाडायच्या आत तिघं शिकवणीच्या त्याच पांढऱ्या गाडीतून निघाली. चाक मास्तरीणबाईंच्या हातात. बेकरीच्या गाडीवर अख्खी उमर काढलेली बाई, मास्तरांपेक्षा दसपटीनं चांगली चालवते हे मास्तरही जाणून आहेत. तरी ते आपले शेजारच्या सीटवर, पाय ब्रेकवर. मागं लेक, मांडीवर उकडलेली अंडी आणि पावाचा डबा घेऊन.

पूल आला. मास्तर खाली उतरले आणि त्यांना त्या पुलाचा जो पुळका आला म्हणता! तिथला प्रत्येक फलक मोठ्यानं वाचला. कठड्यातली गोळ्यांची भोकं बोट घालून तपासली. खालून पुलाचे खांब बघायला नदीत उतरले आणि बूट भिजवून आले. एका म्हाताऱ्या मासे पकडणाऱ्याला लढाईबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, "मी इथं मासे पकडायला येतो." त्यालाच मग मास्तरांनी लढाई समजावून सांगितली, पहिल्या गोळीपासून. मायलेकी गाडीला टेकून बघत होत्या. लेक म्हणाली, "आई, हे असंच चाललं तर खंदकात मुक्काम पडेल." मास्तरीणबाई म्हणाल्या, "बस गाडीत."

पूल ओलांडला. पुढं पाटी आली: टेकडीकडे. खंदकाचा रस्ता सरळ जात होता. मास्तरीणबाईंनी काही न बोलता टेकडीच्या बाजूचा दिवा लावला आणि चाक वळवायला घेतलं.

आणि मास्तरांच्या पायानं ब्रेक दाबला. त्यांनी नाही हो, पायानं. गाडी कचकन थांबली, मागं अंड्यांचा डबा उलटला, आणि पाठीमागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं आई-बापाचा उद्धार करत भोंगा वाजवला.

मास्तरीणबाईंनी समोर बघतच म्हटलं, "अहो, पाय काढा."

"आखणीत आधी खंदक आहेत."

"पाय काढा."

किती वेळ गेला कोण जाणे. ट्रकवाला शिव्या देऊन बाजूनं निघून गेला. मास्तरांनी पाय काढला. गाडी टेकडीच्या माथ्याखालच्या फाटकापर्यंत चढत गेली. लेक मागं अंडी गोळा करत राहिली.

वर वारा फार होता. काळ्या दगडाची लांब भिंत, तिच्यावर नावंच नावं, आणि भिंतीपुढं कठडा. खाली सगळा मुलूख दिसत होता, नदी, पूल, रस्ते, सगळं शांत. लेक लगेच नाव शोधायला भिंतीच्या टोकाकडे गेली. मास्तरीणबाई मात्र कठड्यापाशी थांबल्या. मास्तर त्यांच्या दोन पावलं मागं. खिशातला धुतलेला रुमाल त्यांनी काढून हातात धरला होता. रडली की द्यायचा. बाकी आपण करणार तरी काय?

वाट बघितली. पाठ हलेना, खांदे हलेनात.

"अहो," मास्तरीणबाई वळून न बघता म्हणाल्या, "जरा इकडे या."

मास्तर शेजारी जाऊन उभे राहिले. तिचे डोळे कोरडे होते, आणि चेहरा घाबरलेला होता.

"मला काही होत नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काही आठवतच नाहीये मला. आवाज कसा होता? नाही आठवत. चालायचा कसा? नाही. डोळे मिटले की तो फोटो येतो, फळीवरचा. फोटोच्या बाहेरचा माणूस येतच नाही. आज नाही, फार वर्षं झाली. थोडं थोडं करून गेलं सगळं. वाटलं, इथं आल्यावर तरी परत येईल. म्हणून तर यायचं होतं."

"म्हणून तू कधी बोलत नव्हतीस?" मास्तरांनी विचारलं.

"बोलायला उरलं काय होतं? आणि ते तरी कोणत्या तोंडानं सांगू? माणसानं जीव दिला आणि मी त्याला साधं लक्षातही ठेवलं नाही. इतकी कशी मी निगरगट्ट?"

आता खरं ते सांगायला हवं. मास्तरांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लाज वाटत होती तरी फुटल्या. तीस वर्षं साप साप म्हणून भुई धोपटली होती! कडीकुलुपात काही नव्हतंच. आतली खोली केव्हाच रिकामी झाली होती आणि आपण आपले दाराबाहेर बसून जळत होतो. आकाश एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. बायकोला काहीतरी धीराचं बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण चेहऱ्यावर हसू येईल या भीतीनं मिटून घेतलं.

तेवढ्यात लेक आली. तिचे डोळे लाल होते. "सापडलं नाव," ती म्हणाली. आणि आईच्या शेजारी कठड्याला टेकून, लहानपणी विचारायची तसं विचारलं, "आई, तो फोटो मला पाठ आहे. फोटोतलं नको. दुसरं सांग ना काहीतरी. पप्पा हसायचे कसे गं?"

मास्तरीणबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. उत्तर मागायला नव्हे. उत्तर कुणाकडे असेल असं त्यांच्या मनातही नव्हतं. आपली लाज ज्याला आत्ताच कळली तो एवढा एकच माणूस तिथं होता, म्हणून पाहिलं.

मास्तरांनी काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. बायको म्हणाली असती, छान हसायचे. लेकीनं मान हलवली असती. आणि तो माणूस तिथंच, त्याच टेकडीवर, दुसऱ्यांदा संपला असता. या खेपेला कायमचा. त्यासाठीच तर मास्तर आयुष्यभर देव पाण्यात घालून बसले होते.

"आधी आवाजच यायचा नाही," मास्तर म्हणाले.

दोघी वळल्या.

"हसताना. आधी नुसते खांदे हलायचे, बघणाऱ्याला वाटायचं रडतोय. मग उचकी लागायची. आणि मग त्या उचकीला हसायचा, की पुन्हा उचकी. एकदा कुणाच्यातरी लग्नात त्याला उचलून बाहेर न्यावं लागलं होतं."

"तुम्हाला काय माहीत, बाबा?" लेक म्हणाली.

"तुझ्या आईनं सांगितलं. बाजाराच्या सिग्नलला." मास्तरांनी रुमाल चुरगळला. "कुत्र्यांना फार भ्यायचा. लढाईला गेला, पण कोपऱ्यावर कुत्रा बसला असेल तर लांबच्या गल्लीनं घरी यायचा. आणि येऊन सांगायचा, जरा पाय मोकळे करत होतो."

"हो!" मास्तरीणबाई एकदम म्हणाल्या. "तपकिरी कुत्रा. एक कान फाटलेला. अहो, हो!"

"खोटं बोलला की स्वतःच्याच कानाची पाळी ओढायचा. गाणं एकच यायचं, तेही अर्धं. तू पाळण्यात होतीस, तुला ते अर्धं म्हणायचा आणि उरलेलं शिट्टीनं वाजवायचा. शिट्टी लागली की तू झोपायच्या ऐवजी खडबडून जागी व्हायचीस."

मास्तरीणबाईंनी तोंडावर हात धरला. हसत होत्या की काय कोण जाणे, खांदे हलत होते, आणि मग डोळ्यांतून पाणी सुरू झालं ते थांबेना. "शिट्टी," त्या म्हणत होत्या, "शिट्टी वाजवायचा, मेला, मी नुकतं निजवलेलं असायचं." आणि त्यांच्या डोळ्यांत ती नजर आली. मास्तर जिला भीत होते तीच, तशीच, दोन पावलांवरून. आपल्याच तोंडानं आपण ती आणली, हे मास्तरांना दिसत होतं.

"आणखी?" बायकोनं विचारलं. "आणखी काय सांगितलं होतं मी?"

एक उरलं होतं. तेवढं हातचं राखायला कुणाची हरकत नव्हती.

"तू म्हणाली होतीस," मास्तर म्हणाले, "असा हसवणारा माणूस आता मला जन्मात भेटायचा नाही."

लेक आईकडे बघायला लागली. मास्तरीणबाईंचं रडणं थांबलं. "मी? तुम्हाला म्हणाले असं?"

"गाडी मागं घ्यायला शिकत होतीस. मान मागं वळवलेली होती, म्हणून माझा चेहरा तुला दिसला नाही."

"आणि ते तुम्ही एवढी वर्षं मनात धरून बसलात?"

"धरून नको बसू तर काय करू?" मास्तर चिडून म्हणाले. "तू विसरलीस. मला नाही विसरता आला तो."

मग लेकीनं डोळे पुसले, मास्तरांचा हात धरला आणि म्हणाली, "चला बाबा, नाव दाखवते." मास्तर तिच्याबरोबर भिंतीकडे गेले. तिनं बोट ठेवलं तिथं त्यांनी वाकून ते नाव वाचलं, आणि पोटात अजून तसंच जळत असताना, बायको मागून येऊन उभी राहिली तेव्हा, तिलाही नीट दिसावं म्हणून ते थोडे बाजूला सरकले.